दशा वळणाऱ्या हातांना कोणतं क्रीम चालतं?

मी येवल्याला राहते आणि पैठणीच्या पदराच्या दशा वळते. फॉल लावणं, गोंडे करणं, कुठे धागा ओढला गेला असेल तर रफू करणं, असं साडी मागावरून उतरल्यानंतरचं सगळं काम माझ्याकडे असतं. दोन दुकानं आणि गल्लीतले काही विणकर मिळून लग्नसराईत दिवसाला पाच-सहा साड्या हाताखालून जातात. तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू होते, आणि आमच्या भागात थंडीही त्याच सुमाराला उतरते. शेजारच्या निफाडचा पारा किती खाली गेला हे रोज पेपरात छापून येतं. तो जितका खाली जातो तितके माझे हात फुटतात.

हात फुटले तर बहुतेकांना नुसती आग होते, कपडे धुताना झोंबतं. माझं कामच अडतं. पदराच्या टोकाला ताण्याचे, म्हणजे उभे, मोकळे धागे सोडलेले असतात, त्या दशा. त्यातले थोडे थोडे चिमटीत धरायचे, दोन भाग करायचे, दोन्हींना एकाच बाजूनं पीळ भरायचा, मग दोन्ही एकत्र करून उलट बाजूनं वळायचं आणि खाली गाठ मारायची. सगळी मदार अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरावर. पेर गुळगुळीत असेल तर रेशीम सरसर फिरतं. पेराला भेग असेल, नखाजवळ सालपट निघालेलं असेल, तर तंतू त्यात अडकतो, सुटा होऊन वर येतो आणि पिळाला केसाळपणा येतो. फॉल लावताना तर आणखी भीती. डावा हात साडीच्या आतून फिरत असतो, दिसत काही नाही, आणि टर्रकन लागतं. काठाजवळ एक धागा ओढला गेलेला असतो. विणकर वहिनींनी महिना-दोन महिने मागावर बसून विणलेली साडी, आणि तिला ओढ माझ्या बोटाची.

म्हणजे कोरडे हात चालत नाहीत. पण तेलकट हात त्याहून चालत नाहीत, कारण पैठणी पाण्यात घालता येत नाही. ह्या दोन्हींच्या मधली जागा शोधायला मला एक अख्खा हिवाळा लागला. तो सगळा अनुभव इथे लिहिते आहे. शिवणकाम करणाऱ्या, आरीचं भरतकाम करणाऱ्या, साड्यांच्या दुकानात गादीवर बसून दिवसभर साड्या उलगडून दाखवणाऱ्या कुणाच्याही तो उपयोगी पडेल. क्रीमच्या जाहिरातीत हात किती मऊ होतात ते सांगतात. लावल्यानंतर किती मिनिटांनी रेशमाला हात लावायचा, हे कुणी सांगत नाही. मला तेवढंच हवं होतं.

सुरुवात खोबरेल तेलापासून, कारण आपल्याकडे सगळ्याची सुरुवात तिथूनच होते. आई तेच लावायची, मीही वर्षानुवर्षं लावत आले. मागच्या हिवाळ्यात, डिसेंबरातल्या एका सकाळी बाटलीतलं तेल गोठलं होतं. बाटली उन्हात ठेवली, पातळ झाल्यावर दोन थेंब घेतले, चोळले, अंगावरच्या साडीच्या पदराला हात पुसले आणि कामाला बसले. समोर नवरीची पैठणी होती, मोतिया रंगाची, नारळी काठाची. अर्ध्या तासानं साडी घडी करताना मधोमध चार आण्याच्या नाण्याएवढा डाग दिसला, अंगठ्याच्या रेषांसकट. माझे हातपाय गार पडले. डागावर शंखजिऱ्याची पूड पसरली, वर कोरा कागद ठेवून रात्रभर तसंच राहू दिलं, सकाळी मऊ ब्रशनं झाडलं. पुन्हा एकदा तेच केलं. डाग फिका झाला, गेला नाही. दुकानाच्या शेठजींना मी स्वतः जाऊन सांगितलं की हा माझ्या हातचा आहे. ड्रायक्लीनला तो निघाला, खर्च मी दिला, साडी वेळेवर घरी पोचली. पण त्या दोन रात्री मला झोप नव्हती.

त्यानंतर नाशिकला त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी हात उलटेसुलटे करून बघितले आणि आधी विचारलं, दिवसातून साबणानं हात किती वेळा धुता? मी म्हटलं, पाच-सहा वेळा. त्या म्हणाल्या, घरी जाऊन मोजा. मोजलं. सतरा वेळा. साडी हातात घेण्याआधी मी प्रत्येक वेळी हात धुते, ती सवयच आहे. शिवाय स्वयंपाक, भांडी, देवपूजा, जेवण. आणि आमचं बोअरचं पाणी जड, त्यात साबणाचा फेसही नीट होत नाही. मग जास्त साबण, जास्त चोळणं.

त्यांनी समजावलेलं मला फार पटलं, म्हणून लिहिते. तळहाताच्या आणि तळपायाच्या कातडीत तेल सोडणाऱ्या ग्रंथीच नसतात. तोंडाला, डोक्याला, पाठीला शरीर आपलं आपण तेल पुरवतं, तळव्यांना नाही. तिथे घामाच्या ग्रंथी आहेत, पण स्निग्धपणा जो काही आहे तो कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या मधे भरलेला असतो, भिंतीतल्या विटांच्या मधे चुना भरावा तसा. साबण मळाबरोबर तोही ओढून नेतो. कातडी जरा आम्लाकडे झुकणारी असते आणि साधा वडीचा साबण चांगलाच अल्कधर्मी असतो, त्यामुळे दर धुण्यानंतर कातडीला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. सतरा वेळा धुतलं तर तो वेळ मिळतच नाही. थंडीत हवाही कोरडी, ती उरलंसुरलं पाणी ओढून घेते.

मग क्रीम काय करतं? तीन कामं, आणि प्रत्येक काम करणारा पदार्थ वेगळा. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात. वेगवेगळी तेलं आणि बटर कातडीच्या खवल्यांमधल्या फटी भरून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. व्हॅसलिनसारखी जेली, मेण आणि डायमेथिकोन नावाचं सिलिकॉन वरून झाकण घालतात, म्हणजे आतलं पाणी उडून जात नाही. कोणत्याही ट्यूबमध्ये ह्याच तीन कामांचं कमीजास्त प्रमाण असतं. हे एकदा कळल्यावर मेडिकलच्या दुकानात मी रंगीत खोक्याकडे बघणं सोडलं आणि मागची यादी वाचायला लागले. यादी इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते, ती मुलगी वाचून दाखवते. जे जास्त घातलंय ते आधी लिहिलेलं असतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

आता माझी परीक्षा. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंगांची धामधूम असते, घरोघरी आसाऱ्या, म्हणजे मांज्याच्या फिरक्या, निघतात, आणि आमच्या घरात पतंगाच्या कागदाचे ताव बारा महिने सापडतात. पांढऱ्या पतंगाच्या कागदाला तेलाचा बारीकसा अंश लागला तरी तिथून उजेड आरपार दिसतो. मी प्रत्येक वस्तू ठरलेल्या मापानं लावली. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत क्रीमची एक ओळ काढायची. हे माप डॉक्टर बाईंनीच दिलं, अंदाजे अर्धा ग्रॅम भरतं आणि दोन हातांना पुरतं. मग घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी अंगठा कागदावर दाबायचा आणि कागद खिडकीशी धरून बघायचा. कागद स्वच्छ दिसला की ब्लाउजपीसच्या रेशमी कात्रणावर दाबायचा. कात्रणं तीन ठेवली होती, मोतिया, राणी आणि गडद जांभळी, कारण डाग फिक्या रंगावर वेगळा दिसतो आणि गडदावर वेगळा.

खोबरेल तेल तासाभरानंतरही कागदावर उमटत होतं. ते पुन्हा लावलं नाही.

ग्लिसरीन मेडिकलमधून आणलं, गुलाबपाण्यात निम्मं निम्मं मिसळलं. ही कृती घरोघरी आहे आणि हातांना ती खरंच मानवते. पण वीस मिनिटं झाली तरी बोटं चिकट राहतात. त्या चिकटपणाला फॉलच्या सुताची बारीक लव येऊन बसते, मग ती साडीवर जाते. कागदावर तेलाचा डाग उठत नाही, मात्र रेशमी कात्रणावर ओलसर ठसा उठला, आणि रेशमावर पाण्याचा डागही डागच असतो. ग्लिसरीन मी आता फक्त रविवारी लावते, काम बंद असतं तेव्हा. नुसतं, पाणी न घालता लावलेलं मला चालत नाही, कोरड्या हवेत हात आणखी ओढल्यासारखे वाटतात.

मग एक सुगंधी ट्यूब. भाचीनं भेट दिली होती, मुंबईच्या मॉलमधली, नाव लिहीत नाही. लावायला अतिशय छान, आठ मिनिटांत मुरली, कागद स्वच्छ. मला वाटलं, सापडलं. चार दिवस आनंदात काम केलं. पाचव्या दिवशी एक काकू साडी न्यायला आल्या, त्यांनी घडी नाकाशी धरली आणि म्हणाल्या, ‘‘ही कुणी नेसली होती का हो?’’ साडीला त्या क्रीमचा व्हॅनिलासारखा गोड वास लागला होता. कोऱ्या पैठणीला कोऱ्या रेशमाचा वास यायला हवा, लोक तो घेतात, मुद्दाम घेतात. काकूंना मी हात पुढे करून दाखवले, वास हाताला आहे हे त्यांना पटलं. पण दुसऱ्या कुणी विचारलंच नसतं आणि मनात शंका ठेवून घरी गेलं असतं, तर? त्या शिवाय भेगांमध्ये ते क्रीम झोंबायचं. सुगंधी द्रव्यांनी फुटलेल्या कातडीला त्रास होऊ शकतो, काहींना त्याची ॲलर्जीही होते, हे डॉक्टर बाईंनी पुढच्या खेपेला सांगितलं. तेव्हापासून माझा पहिला नियम, वास नको. इथे एक खाचखळगा आहे. खोक्यावर ‘अनसेंटेड’ लिहिलेलं असलं तरी मूळ वास झाकण्यासाठी कधीकधी सुगंध घातलेला असतो. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ हे शब्द शोधायचे आणि यादीत ‘पर्फ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ नाही ना ते बघायचं.

डॉक्टर बाईंनी लिहून दिलं ते १० टक्के युरियाचं क्रीम. युरिया म्हटल्यावर घरात सगळ्यांनी कान टवकारले, कारण आमच्याकडे युरिया म्हणजे कांद्याला टाकायचं खत. पदार्थ तोच, पण औषधासाठी शुद्ध केलेला असतो, आणि आपल्या कातडीत तो मुळातच थोडा असतो, पाणी धरून ठेवण्याच्या कामावर. १० टक्क्यांपर्यंत तो ओलावा देतो. त्याहून बरंच जास्त प्रमाण असेल तर जाड, निबर कातडी सुटी करून काढतो, ते टाचांसाठी ठीक, बोटांसाठी नाही. ट्यूब घेताना आकडा बघूनच घ्यायची.

ह्या क्रीमबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचं आहे आणि एक सावधगिरीही सांगायची आहे. सावधगिरी आधी. उघड्या भेगेत ते सणकून झोंबतं. पहिल्या रात्री माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या भेगेतून रक्त येतंय तिथे ते लावायचं नाही. आधी दोन-तीन रात्री त्या भेगेवर नुसती जेली लावून ती मिटू द्यायची, मग युरिया. आता चांगलं. पाच दिवसांत पेरांचा खरखरीतपणा गेला. कातडीचे टोकदार खवले, ज्यांच्यात रेशीम अडकायचं, ते मऊ होऊन बसले. मी रोज सकाळी रेशमाची एक सुटी लड दहाही बोटांवरून फिरवते, कुठे अडकते ते बघायला. सहाव्या दिवशी ती डाव्या अंगठ्याखेरीज कुठेच अडकली नाही. इतक्या वर्षांत जानेवारी महिन्यात असं कधी झालं नव्हतं. पण कागदाच्या परीक्षेत युरिया क्रीम पंचवीस मिनिटांनी उतरलं, आणि त्यानंतरही हाताला हलकं बुळबुळीतपण राहतं. दोन साड्यांच्या मधे लावायचं ते क्रीम नव्हे. मी ते सकाळी भांडी झाल्यावर लावते, मग देवाची फुलं, चहा, पेपर होईपर्यंत पाऊण तास जातो, आणि नंतर कामाला बसते.

दिवसा कामाच्या मधे लावायला जे शेवटी सापडलं ते दिसायला अगदी साधं आहे. पांढरी ट्यूब, वास नाही, यादीत पाण्यानंतर ग्लिसरीन, त्यानंतर डायमेथिकोन. मेडिकलवाल्या दादांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दिल्या, यादी जवळजवळ तीच, आणि माझ्या हातावर दोन्हींचा गुणही तोच. म्हणून कंपनीपेक्षा यादीच सांगते. डायमेथिकोन तेलासारखं कातडीवर तरंगत राहत नाही, त्याचा पातळ कोरडा थर बसतो, नवीन पत्त्यांच्या कॅटला हात लावल्यासारखा स्पर्श. दहाव्या मिनिटाला कागदावर पुसट ठसा, पंधराव्याला कागद स्वच्छ, तिन्ही कात्रणांवर काही नाही. मी तरी वीस मिनिटं थांबते आणि मलमलच्या धुतलेल्या तुकड्यानं पेरं पुसून मगच साडी घेते. ही वीस मिनिटं वाया जात नाहीत. फॉल कापणं, दोऱ्याचा रंग लावून बघणं, पावत्या लिहिणं ही कामं मी आता त्या वेळेवर टाकली आहेत. आधी हीच कामं मी वेळ मिळेल तशी करायचे.

त्याचा दोष एकच, ते एकट्यानं पुरत नाही. नुसत्या ह्याच क्रीमवर मी दोन आठवडे काढून बघितले. आहे ते सांभाळलं जातं, फुटलेलं भरून येत नाही. भरून यायला रात्रच लागते.

आणि रात्रीसाठी माझ्याकडे आहे मामीचं कोकमतेल. मामी सिंधुदुर्गातली, कुडाळकडची. तिकडे त्याला भिरंडेल म्हणतात, मुठेलही म्हणतात. कोकमाची फळं एप्रिल-मेमध्ये येतात. सालांची आमसुलं होतात, आतल्या बिया राहतात. त्या वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. वर तवंग येतो, गार झाला की थिजतो. तो काढून हाताच्या मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून मुठेल. गोळ्यावर मामीच्या बोटांचे वळ जसेच्या तसे असतात. खोबरेल थंडीत गोठतं, उन्हाळ्यात पातळ होतं. हे मात्र येवल्याच्या मे महिन्यातही फडताळात बहुतेक वेळ गोळाच राहतं, कारण ते वितळायला अंगाच्या उष्णतेपेक्षाही किंचित जास्त ऊब लागते. त्यामुळे नुसतं चोळून लागत नाही. मी चाकूनं खरवडून चण्याएवढा तुकडा पळीत घेते, पळी गॅसवर क्षणभर धरते आणि कोमट असताना भेगांमध्ये भरते. आत जाऊन ते पुन्हा घट्ट होतं, भेगेत मेण भरल्यासारखं. भेगेच्या कडा एकमेकींवर घासत नाहीत आणि दुखणं त्याच रात्री कमी होतं. कोकणात टाचांच्या भेगांना हेच लावतात, पिढ्यान्‌पिढ्या.

साध्या पेट्रोलियम जेलीशी तुलना करायची तर दोन्ही मी आलटून पालटून वापरली आहेत, एका हाताला हे, दुसऱ्याला ते, सलग दहा रात्री. जेलीची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाच्या विहिरींवरच्या यंत्रांना एक मेणचट चिकटा जमायचा. कामगारांना तो काढून टाकावा लागायचा, पण भाजलं-कापलं की तेच लोक तो जखमेवर लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनतज्ज्ञानं ते पाहिलं, शुद्ध केलं आणि १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेच व्हॅसलिन. म्हणजे ही वस्तूसुद्धा काम करणाऱ्या हातांनीच शोधून काढलेली आहे. ओलावा कोंडून ठेवण्यात जेलीची बरोबरी माझ्या अनुभवात कशालाच नाही, आणि ती स्वस्त आहे, कुठेही मिळते, झोंबत नाही, वास नाही. दहा रात्रींनंतर दोन्ही हात जवळपास सारखेच होते. फरक इतकाच की जेलीचा हात सकाळीही चिकट असतो, उशीच्या अभ्र्याला लागतो, आणि धुवायला साबण लागतो. कोकमतेलाचा हात सकाळपर्यंत कोरडा होतो, नुसत्या कोमट पाण्यानं भागतं. माझ्यासारखीला, जिला साबणाचा एकेक वेळ वाचवायचा आहे, तिला हा फरक मोठा आहे. पण ज्यांना कोकणात मामी नाही त्यांनी हळहळू नये, जेली घ्यावी. काहीही लावलं तरी वरून सुती पांढरे मोजे घालायचे. पहिल्या दोन रात्री गुदमरल्यासारखं होतं, तिसऱ्या रात्रीपासून सवय होते.

खर्चाचं सांगायचं तर युरियाची आणि दिवसाची, दोन्ही ट्यूब मिळून माझा सराईतल्या महिन्याचा खर्च फॉलच्या दोन-तीन साड्यांच्या मजुरीइतका होतो. दिवसाचं क्रीम मी चार वेळा लावते, दर वेळी अर्धा ग्रॅम, म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस जाते. हा हिशोब मुद्दाम मांडला, कारण माझ्या एका मैत्रिणीची ट्यूब तीन महिने पुरते आणि ती म्हणते क्रीमचा गुण येत नाही. इतकं थोडं लावून कसा येईल?

साबणाचंही बदललं. आता साडीआधी दर वेळी साबण लावत नाही. बोटांना खरंच काही लागलं असेल तरच, नाहीतर नुसतं पाणी आणि टिपून कोरडं करणं. टॉवेलनं खसाखसा पुसायची सवय सोडली. भांडी घासताना रबरी मोजे घालते, आतून सुती अस्तराचे. सासूबाईंना सुरुवातीला ते पसंत नव्हतं, मोजे घालून भांडी स्वच्छ कशी होणार म्हणायच्या. मी त्यांना दशा वळायला बसवलं, त्यांची बोटं रेशमात कशी अडकतात ते त्यांनाच दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी एक जोड मागवला. सतरावरून मी आता आठ-नऊवर आले आहे, आणि माझा अंदाज असा की निम्मा गुण क्रीमचा असेल तर निम्मा ह्याचा आहे.

एक कळकळीनं सांगायचं आहे. गल्लीतल्या एका ताईंनी हातांना खाज सुटली म्हणून मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली खाजेची ट्यूब आणली आणि तेच हँडक्रीमसारखं रोज चोळलं, वर्षभर. त्यात स्टिरॉइड होतं. आधी फार छान वाटतं, लाली जाते, खाज थांबते, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय अशी ट्यूब लावत राहिलं तर कातडी पातळ होते. त्यांची झाली. आता सुईचं टोक नुसतं टेकलं तरी रक्त येतं. हातांना खाज, पुरळ, पाण्याचे फोड असतील तर ते नुसतं कोरडेपण नसतं, आणि त्याला ह्यातलं माझं काही लागू नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

ह्या वर्षी दिवाळीच्या आधीच तयारी करून ठेवली होती, हात फुटायची वाट बघितली नाही. आज पौषातली थंडी आहे, बाहेर मुलं मांज्याला रंग लावून वाळत घालतायत, आणि माझ्या हातात तशीच मोतिया पैठणी आहे, गेल्या वर्षीच्या सारखीच, नारळी काठाची. सकाळी रेशमाची लड फिरवली, दहापैकी एकाही बोटाला अडकली नाही. कोकमतेलाचा अर्धा गोळा विणकर वहिनींनी नेला, त्यांची बोटं तर दिवसभर मागावर असतात, माझ्याहून जास्त फुटलेली. मामीला फोन करून सांगितलंय, पावसाच्या आधी ह्या वेळी चार मुठी जास्त पाठव.